तेराव्यानंतरची सोबत

खानदेशात एखाद्या घरी मृत्यू झाला की नातलग आणि गावकरी द्वारदर्शनाला, म्हणजे सांत्वनाला, जातात, ओट्यावर बसतात, शेवटचे दिवस कसे गेले हे घरच्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकून घेतात आणि तेराव्याच्या गंधमुक्ती विधीपर्यंत त्या घराला एकटे पडू देत नाहीत. जळगाव जिल्ह्यातील गिरणाकाठच्या भडगाव तालुक्यात टिकून असलेल्या या रीतीमागे शहाणपण आहे, कारण जवळचे माणूस गेल्यावर होणारे दुःख, म्हणजे शोक, हा आजार नसतो आणि ऐकणारे कोणी असले की तो सोसवतो. मात्र या सोबतीची मुदत ठरलेली असते. तेरावा आटोपला की पाहुणे परततात, कपाशीची वेचणी आणि केळीचे पाणी कोणासाठी थांबत नाही, आणि दुःखाचे आजारात रूपांतर होण्याचा धोका बहुधा त्यानंतरच्या महिन्यांत वाढतो. मानसिक आरोग्यसेवेची आखणी याच काळाला धरून झाली पाहिजे.

शोक आणि नैराश्य यांतला फरक घरच्यांना कळणे ही पहिली पायरी आहे. शोकात दुःख उसळते आणि ओसरते; आठवणीने डोळे भरतात, पण लेकराच्या बोलण्याने हसूही येते. नैराश्यात मात्र किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहते किंवा कशातच रस उरत नाही, झोप आणि भूक बिघडते, कारण नसताना अपराधी वाटते आणि जगणे नकोसे होते. चिंताविकारात धोका समोर नसतानाही धडधड, घाम आणि सततची धास्ती माणसाला सोडत नाही. शोक जेव्हा स्वतःहून ओसरत नाही, सहा महिन्यांनंतरही तितकाच तीव्र राहून रोजचे जगणे अडवतो, तेव्हा त्याला प्रदीर्घ शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे. दवाखान्यात मात्र यांपैकी एकही नाव उच्चारले जात नाही. ‘जीव घाबरतो’, ‘हातपाय गळून जातात’, ‘झोपच लागत नाही’ एवढेच सांगितले जाते, सलाईन लावून रुग्ण घरी परततो आणि मूळ दुखणे तसेच राहते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात नैराश्य असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे 85 जणांपर्यंत उपचार पोचत नव्हते.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याच्या घराची अवस्था याहून कठीण होते. शासनाची 1 लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते, त्यासाठी सातबारा, कर्जाचा दाखला आणि पंचनामा गोळा करावा लागतो, आणि पतीच्या मृत्यूची हकिकत त्याच्या पत्नीला एकेका टेबलापुढे उभे राहून सांगावी लागते. मदतीतले 30 हजार रोख आणि 70 हजार ठेव म्हणून मिळतात. या सगळ्या कागदपत्रांत तिला झोप लागते का, मुले शाळेत जातात का, हे विचारण्यासाठी एकही रकाना नाही. ही उणीव दूर केलीच पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक गावात मनोविकारतज्ज्ञ हवाच असे नाही, हे गोव्याने दाखवून दिले आहे. तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या 493 रुग्णांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत दिलेल्या उपचारानंतर, तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ सुधारित स्वरूपातील नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. या उपचाराचे सूत्र असे की मन उदास झाले की माणूस कामे आणि भेटीगाठी सोडतो, त्या सुटल्यामुळे उदासी आणखी वाढते, आणि म्हणून मन लागण्याची वाट न पाहता छोटी कृती आधी सुरू करायची. आठवड्याची कामे लिहून काढायची, त्यातले एक निवडायचे, उदाहरणार्थ रोज सकाळी साडेसातला शेजारणीबरोबर मळ्यापर्यंत चालत जाणे, आणि ते केल्यावर मनाला काय वाटले ते पुढच्या भेटीत सांगायचे.

अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाने अशीच सेवा घरोघरी नेली, आणि उपचारांपर्यंत पोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. राज्य शासनाने 2015 मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, तो विदर्भ आणि मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांसाठी. शेजारचे बुलढाणा आणि छत्रपती संभाजीनगर हे जिल्हे त्यात आले, जळगाव बाहेर राहिला. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या ठिकाणच्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही खानदेशात नाही. कोरडवाहू कपाशी आणि कर्ज यांचे ओझे मात्र जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही.

घरच्यांची जबाबदारीही मोठी आहे. ‘मन घट्ट कर’ असे बजावण्यापेक्षा शांतपणे ऐकणे आणि दवाखान्यात सोबत जाणे अधिक उपयोगी पडते. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यांचे व्यसन लागत नाही, आणि बरे वाटले तरी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्या बंद करायच्या नसतात. कोणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला थेट विचारावे, एकटे ठेवू नये, कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. थेट विचारल्याने असे विचार वाढत नाहीत. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते.

भडगाव तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, मृत्यू झालेल्या घरी गंधमुक्तीनंतर पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात आशा सेविकेची भेट ठरवून द्यावी आणि त्या भेटींचे मानधन तिला मिळावे. गावाने तेरा दिवसांची सोबत पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या बळावर निभावली आहे. त्यापुढच्या सहा महिन्यांची सोबत आरोग्य यंत्रणेने आपले कर्तव्य मानून निभावली, तर बरे होऊ शकणारी कितीतरी माणसे वेळेवर बरी होतील.