निवड कोणाची, निकाल कोणाचा?

संगणकावरील खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गोळीबार, पळापळ आणि गुणांचे वाढते आकडे उभे राहतात. वडीलधाऱ्यांनी त्यावर वेळेचा अपव्यय असा शिक्का मारून ठेवलेला असतो. तो शिक्का सर्वस्वी खोटा नाही. परंतु या व्यवसायात गेल्या दोन दशकांत फोफावलेली एक वेगळी शाखा या शिक्क्याखाली झाकून जाते. तेथे नेमबाजीपेक्षा निर्णयाला महत्त्व असते. कथा उलगडत जाते, पात्रे खेळाडूला प्रश्न विचारतात आणि काही सेकंदांत त्याने उत्तर निवडायचे असते. 'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकन मालिकेवर बेतलेला, त्याच नावाचा खेळ हे याचे बोलके उदाहरण. तरुण पिढी ज्या कथांत तासन्‌तास रमते, त्या कथा तिला निर्णयाविषयी काय शिकवितात, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरील ही मालिका २०११ ते २०१९ या काळात प्रसारित झाली. कॅलिफोर्नियातील 'टेलटेल गेम्स' या कंपनीने डिसेंबर २०१४ ते नोव्हेंबर २०१५ या काळात तिच्यावरील खेळ सहा भागांत प्रकाशित केला. तो प्रौढांसाठीचा आहे. त्यात रक्तपात आहे, शिवराळ भाषा आहे. मुलांच्या हाती तो पडू नये, हे निःसंशय. पण तेवढे बोलून विषय संपत नाही.

खेळाची कथा सिंहासनासाठी झुंजणाऱ्या राजांची नाही. ती आहे फॉरेस्टर नावाच्या एका लहान मांडलिक घराण्याची. 'आयर्नवुड' या कठीण लाकडाची वने आणि आयर्नराथ ही गढी, एवढीच त्यांची दौलत. ज्या विवाहसमारंभात त्यांच्या राजाची विश्वासघाताने हत्या होते, तेथेच घराण्याचा प्रमुखही मारला जातो. सत्ता शत्रूच्या हाती जाते आणि गढीची धुरा ईथन या कोवळ्या मुलाच्या खांद्यावर येऊन पडते. पराभूत पक्षाशी निष्ठावंत राहिलेल्या कुटुंबाचे पुढे काय होते, हा प्रश्न मोठ्या युद्धकथांत सहसा कोणी विचारीत नाही. येथे तोच केंद्रस्थानी आहे, हे या खेळाचे श्रेय मानले पाहिजे.

आता निवडीकडे वळू. खेळाडूच्या निर्णयांनुसार कथा घडेल, असे आश्वासन खेळ आरंभीच देतो. क्रूरकर्मा रॅमसे स्नो गढीवर येतो, तेव्हा त्याला वेशीवर सामोरे जायचे की सभागृहात बसून भेटायचे, नमते घ्यायचे की ताठ मानेने उत्तर द्यायचे, हे खेळाडूने ठरवायचे असते. पण त्याने काहीही ठरविले तरी ईथन मरतोच. शेवटच्या भागात गढीचा पाडाव होतो, तोही तसाच अटळ. अनेक समीक्षकांनी आणि खेळाडूंनी याला फसवणूक म्हटले. निकाल आधीच ठरलेला असेल, तर मग विचारता कशाला?

या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. फळ आपल्या हाती नसले म्हणजे आचरणाला अर्थ उरत नाही, हे गृहीतकच मुळात तपासून पाहिले पाहिजे. या खेळात ठरावीक वेळेत उत्तर दिले नाही, तर मौन हेच उत्तर मानले जाते. द्यूतसभेतील ज्येष्ठांचे मौन ज्या समाजाने शतकानुशतके विसरलेले नाही, त्याला यातील मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्या सभेत कोणी बोलले असते तर युद्ध टळले असते की नाही, हे आपण सांगू शकत नाही. तरीही न बोलण्याचा दोष पुसला जात नाही.

खेळाचे खरे सामर्थ्य दिसते ते मीरा या कन्येच्या कथेत. ती राजधानीत मार्जरी टायरेलच्या सेवेत असते. एका हत्येच्या आरोपात ती अडकते, तेव्हा तिच्यापुढे दोन मार्ग उरतात. कारस्थानी लॉर्ड मॉर्ग्रिनशी विवाह केला तर तिचा जीव वाचतो, पण तिला वेळोवेळी साहाय्य करणाऱ्या टॉम या कोळसे वाहणाऱ्या गरीब पोराचा बळी जातो. विवाह नाकारला तर तो वाचतो आणि तिचा शिरच्छेद होतो. यातील कोणताही पर्याय निवडला तरी घराण्याचा पराभव टळत नाही, गुण मिळत नाहीत, बक्षीस नाही. माझ्या जिवाची किंमत दुसऱ्याने मोजावी का, एवढाच प्रश्न उरतो. आणि उत्तर खेळाडूलाच द्यावे लागते.

मग दोष कोठे आहे? ईथनचा मृत्यू अटळ ठरतो तो केवळ कथेच्या गरजेपोटी नव्हे. रॅमसे, सर्सी, जॉन स्नो ही मूळ मालिकेतील पात्रे. मालिका चालू असताना त्यांना धक्का लावणे शक्यच नव्हते. म्हणून दर वेळी बळी जातो तो फॉरेस्टरांचाच. शिवाय दुष्टाची क्रूरता पुनःपुन्हा दाखविता दाखविता तिचाच तमाशा होतो आणि प्रामाणिकपणा म्हणजे मूर्खपणा, असा ग्रह होऊ लागतो. नियतीपुढे हरणे वेगळे आणि व्यापारी करारापुढे हरणे वेगळे. पहिल्यात करुणा आहे, दुसऱ्यात केवळ सोय.

पुढील इतिहास तर अधिकच उद्‌बोधक आहे. सहाव्या भागाच्या अखेरीस अनेक धागे मोकळेच ठेवले गेले. दुसरे पर्व जाहीर झाले, पण ते कधीच आले नाही. २१ सप्टेंबर २०१८ रोजी कंपनीने सुमारे २५० कर्मचाऱ्यांना एका दिवसात घरी पाठविले, नुकसानभरपाईही न देता. मागे उरले केवळ पंचवीस जण. २०१९मध्ये नव्या मालकांनी कंपनीचे नाव पुन्हा वापरात आणले, पण फॉरेस्टरांची कथा अपूर्णच राहिली. तुमच्या प्रत्येक निर्णयाला परिणाम आहे, असे जगाला सांगणाऱ्या या व्यवसायात संचालकांच्या निर्णयांचे परिणाम भोगले ते सामान्य कारागिरांनी. कथेतील मांडलिकांहून त्यांची गत फारशी निराळी नव्हती.

तेव्हा पालकांनी काय करावे? वयाचे बंधन कटाक्षाने पाळावे, यात शंका नाही. पण घरातील सज्ञान मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळत असेल, तर नाक मुरडून निघून जाऊ नये. शेजारी बसावे आणि "तू जिंकलास का?" असे न विचारता "तू असे का ठरविलेस?" हे विचारावे. मीराच्या जागी काय केलेस, आणि का? कीर्तनाच्या मांडवात, आजीच्या गोष्टीत आपल्याकडे हाच संवाद घडत असे. पडदा बदलला म्हणून तो थांबण्याचे कारण नाही. यंत्र पर्याय देते आणि निवडीची नोंदही ठेवते. त्या निवडीचे मोल कशाने करायचे, हे मात्र घरानेच शिकवावे लागते.