आप्पांचं मत

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून महिना-दीड महिना कॉम्प्युटरपासून लांब होतो. आता डोळा ठीक आहे. काळजीने फोन करणाऱ्या सगळ्यांचे आभार.

मध्यंतरी बदलापूरला माझ्या मावसभावाच्या मुलाकडे चार दिवस राहून आलो. त्याचा मुलगा आता नोकरीला लागलाय. ऑफिस लोअर परळला, एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर. एका रविवारी तो मला तिकडे फिरवायला घेऊन गेला. काचेच्या इमारती, मॉल, आणि मधेच एखादी जुनी चिमणी. तो म्हणाला, "आजोबा, माझे आजोबा इथेच कुठेतरी कामाला होते ना? अडीच लाख कामगार होते म्हणता, मग त्यांना मतं नव्हती का?"

माझी बत्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली, तरी मला चटकन उत्तर देता आलं नाही. पारोळ्याला परत येताना गाडीत तोच विचार डोक्यात होता.

त्याचे आजोबा म्हणजे आमचे आप्पा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. अमळनेरची प्रताप मिल आम्हाला जवळ, पण आप्पांचे मामा परळला होते, म्हणून १९६१ साली ते मुंबईला गेले. आधी बदली कामगार, मग साच्यावर कायम. लालबागच्या चाळीत एका खोलीत अकरा जण, पाळीप्रमाणे झोपायचे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. वर्षभर वाट पाहून १९८३ साली आप्पा बायकामुलांना घेऊन पारोळ्याला परत आले.

तेव्हा मी त्यांना एक वाक्य ऐकवलं होतं. "आप्पा, तुम्ही लोकांनी कधी लाल झेंडा घेतला, कधी भगवा, आता या डॉक्टरच्या मागे लागलात. धड एकाचे राहिला नाहीत, म्हणून ही वेळ आली." नोकरी पक्की असलेल्या मास्तरला असं बोलायला काय जातं!

हेच मी वर्गातही थोड्याफार फरकाने सांगत असे. आजही पुष्कळ शहाणी माणसं तेच सांगतात, की गिरणी कामगार आपला वर्ग विसरला आणि भाषेच्या, जातीच्या नादी लागून बुडाला. आता निवडणुकांचा क्रम नीट मांडून पाहिल्यावर मला हे पटेनासं झालंय.

सुरुवात १९५२ पासून करू. उत्तर मुंबईच्या मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांनी त्यांना साधारण साडेचौदा हजार मतांनी हरवलं. कॉम्रेड डांगे तेव्हा त्याच मतदारसंघात बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते. हेच डांगे आणि बाबासाहेब १९३८ साली कामगारांच्या संपावर बंधन आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध एकत्र लढले होते. आज बाबासाहेबांचं स्मारक दादरला इंदू मिलच्या जागेवर उभं राहतंय, यावरून काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पुढचा क्रम पाहा. मतदारसंघाच्या हद्दी आणि नावं बदलत गेली, पण गाभा गिरणगावचाच होता. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत डांगे. १९६२ ला डांगे पडले, काँग्रेसचे विठ्ठल गांधी आले. १९६७ ला पुन्हा डांगे. १९७१ ला काँग्रेसचे अब्दुल कादर सालेभॉय. १९७७ ला रिपब्लिकन पक्षाचे बापू कांबळे. १९८० ला इंदिरा काँग्रेसचे आर. आर. भोळे. १९८४ ला अपक्ष दत्ता सामंत. १९८९ ला शिवसेनेचे वामनराव महाडिक.

बत्तीस वर्षांत एकाही पक्षाला ही जागा लागोपाठ दोनदा मिळाली नाही! याला आंधळी भक्ती म्हणायचं का? मला तर हा साच्यावरचा कामगार वाटतो. सूत तुटलं की साचा थांबवायचा, तपासायचं आणि पुन्हा चालू करायचा.

आणि मग १९८९ ते २००९ अशी वीस वर्षं एकच पक्ष. १९९१ पासून मोहन रावले पाच वेळा निवडून आले. म्हणजे गिरण्या जोरात होत्या तोवर मत हलत होतं, भोंगे बंद पडत गेले तसं मतही थांबलं. याचं कारण मला असं दिसतं, की हाताला काम असलेला माणूस पुढाऱ्याशी घासाघीस करू शकतो. काम गेलेला माणूस रात्री-अपरात्री दवाखान्यात खाट मिळवून देणाऱ्याला धरून राहतो. शाखेवरचा पोरगा ते करत होता. मुंबईत राहिलेल्या आप्पांच्या सोबत्यांनी हेच केलं. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही फारच बाजू घेताय. जून १९७० मध्ये आमदार कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला आणि त्यानंतरच्या परळच्या पोटनिवडणुकीत महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार म्हणून. त्या काळात मुंबईत दक्षिण भारतीयांविरुद्ध काय काय बोललं गेलं, तेही खरं. ते मी झाकत नाही. भीती होती, द्वेषही होता. पण सगळा हिशोब त्यावर मिटत नाही.

कारण खरा प्रश्न वेगळाच आहे. कामगाराचं मत जिथे चालत होतं तिथे त्याच्या भाकरीचा निर्णय होत नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन मानली जायची, आणि ती ठरायची सदस्यांच्या नोंदीवरून, गुप्त मतदानाने नव्हे. कापड गिरण्यांत ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. म्हणजे आप्पांना दिल्लीला कोण जाणार हे गुप्त मतदानाने ठरवता येत होतं, पण पगाराची बोलणी कोण करणार हे नाही. संपातली एक मुख्य मागणी हा कायदा बदलण्याचीच होती.

डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. त्या लाटेत गिरणगावाने डॉक्टरांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. पण कायदा होता तिथेच राहिला. संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, तो तसाच विरून गेला.

जमिनीचंही तेच. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जागेचा एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला असं ठरलं. २००१ साली नियमात बदल होऊन ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. कामगारांच्या घरांची म्हाडाची सोडत निघाली २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी.

तोवर माणसं कल्याण, बदलापूर, नालासोपाऱ्याला पांगली होती. २००८ च्या पुनर्रचनेत वरळी आणि शिवडी दक्षिण मुंबईत गेले, मलबार हिल आणि कुलाब्याच्या पंगतीला. 'दक्षिण मध्य' हे नाव धारावी, चेंबूर, अणुशक्तीनगरच्या मतदारसंघाला राहिलं. आपला एरंडोल मतदारसंघही त्याच वेळी पुसला गेला आणि पारोळा जळगावात आला, हे आपल्या लोकांना आठवत असेल.

आता आप्पांची गोष्ट. ते पारोळ्याला आले तरी मतदार यादीत नाव लालबागलाच होतं. डिसेंबर १९८४ मध्ये ते माझ्याकडे आले आणि मुंबईच्या भाड्यापुरते पैसे मागितले. डॉक्टरांना मत द्यायला जायचं होतं. माझीही इलेक्शन ड्यूटी लागलेली, मतदानाचं महत्त्व गावभर सांगत फिरणारा मी, त्यांना म्हणालो, "एका मताने काय होणार? ते पैसे पोरांच्या चपलांना लावा." ते काही बोलले नाहीत. पैसे मात्र मी दिले. ते गेले, मत देऊन आले.

जानेवारी १९९७ मध्ये डॉक्टरांचा खून झाला. ती बातमी ओट्यावर बसून आप्पांनी दोनदा वाचली आणि मला म्हणाले, "मत आपलं व्हतं भो, गिरनी आपली नव्हती." मी वर्षानुवर्षं जे शिकवत होतो त्यापेक्षा या एका वाक्यात नागरिकशास्त्र जास्त होतं.

म्हणून त्या मुलाला आता सांगतो : बाळा, मतं होती आणि ती डोळे उघडे ठेवून दिलेली होती. तू मत दे, पण तुझ्या नोकरीचा आणि घराचा निर्णय कोणत्या टेबलावर होतो, आणि त्या टेबलाशी तुला विचारतात का, हेही पाहत जा. तुझ्या आजोबांना तिथे कोणी विचारलं नाही.

असो. आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते भाड्याचे पैसे त्यांनी पुढच्या दिवाळीत परत केले होते, आणि मी ते मोजून घेतले होते. घ्यायला नको होते.