विश्लेषण : चीनमधील शेवटच्या वाफेच्या इंजिनांमागे छायाचित्रकार का धावले?

अतिवेगवान रेल्वेचे जगातील सर्वांत मोठे जाळे असलेल्या चीनमध्ये डिसेंबर २००५ पर्यंत मुख्य मार्गावरही वाफेची इंजिने धावत होती. इनर मंगोलियातील जिंगपेंग घाटात ‘छ्येनजिन’ (अर्थ : आगेकूच) इंजिनांची जोडी मालगाडी ओढत चढायची. ते टिपायला परदेशी छायाचित्रकार हाडे गोठवणाऱ्या थंडीत टेकड्यांवर ताटकळत. थंडी हवीच असे. उबदार हवेत वाफ चटकन विरते, कडाक्याच्या थंडीत तिचे पांढरे लोट उठतात.

इतकी वर्षे कशी टिकली?

भारताने अशा इंजिनांचे उत्पादन १९७२ मध्ये थांबवले. चीनच्या तांगशान कारखान्यातून ती १९९९ पर्यंत बाहेर पडत होती. कोळसा घरचा, मजुरी स्वस्त. म्हणून मुख्य मार्गांवरून हटल्यावरही ती खाणींत राबत राहिली. शिनजियांगमध्ये हामीजवळची सांदाओलिंग खाण हा त्यांचा शेवटचा मोठा अड्डा. रात्री धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांसाठी लोक तिथवर जात. तिथे इंजिन कुणासाठी थांबत नसे, हेच खरे आकर्षण.

आता काय उरले?

सिचुआनमधील ज्यायांगचा अरुंद मार्ग. १९५९ मध्ये कोळशासाठी सुरू झालेला हा मार्ग पर्यटकांमुळे वाचला. छायाचित्रांसाठी गाडी मागे नेऊन पुन्हा वाफ सोडत आणली जाते. हा देखावाच, पण त्याच्या तिकिटांवरच इंजिने जिवंत आहेत. आणि वर्षानुवर्षे धड रस्ता नसलेल्या वाटेवरच्या गावकऱ्यांना बाजाराला नेणारी गाडीही हीच.