भाषांतरित पत्रकांनी बाळंतिणीचे नैराश्य हटत नाही

प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे ही बहुतेक बाळंतिणींची अवस्था असते आणि ती पंधरवड्याच्या आत आपोआप ओसरते. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा त्याहून निराळा आजार असून तो महिनोन्महिने टिकतो, झोप आणि भूक मारतो, बाळाविषयी ओढ वाटू देत नाही आणि प्रसंगी जिवावर उठतो. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सांगते की दहांपैकी एकीहून अधिक मातांना तो होतो. प्रसूतीनंतर ६ आठवडे ते १ वर्ष या काळात तेथे होणाऱ्या मातामृत्यूंच्या प्रत्यक्ष कारणांत आत्महत्या अग्रस्थानी राहिली आहे. इंग्लंडमधील नोंदींवर आधारलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की आशियाई आणि कृष्णवर्णीय आफ्रिकी माता वस्तीपातळीवरील मानसोपचार सेवेपर्यंत गोऱ्या ब्रिटिश मातांपेक्षा कमी प्रमाणात पोहोचतात, पण इच्छेविरुद्ध, कायद्याच्या बळावर रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात अधिक असते. वेळेवर उपचार नाही आणि वेळ टळल्यावर सक्ती, असा हा कारभार आहे.

या कारभारावर 'सांस्कृतिक संवेदनशीलता' नावाचा मुलामा चढवण्यात आरोग्यखाते वाकबगार झाले आहे. उर्दू, बंगाली, गुजराती भाषांत पत्रके छापली जातात, भिंतीवर साडीतल्या आईचे चित्र लागते आणि कर्तव्य पार पडल्याची नोंद होते. प्रत्यक्षात निदान कुठे चुकते हे पाहायचे तर एडिंबरो मापनपट्टीकडे पाहावे. १९८७ मध्ये तयार झालेल्या या प्रश्नावलीत १० प्रश्न असतात, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण मिळतात आणि मागील ७ दिवसांतील मनःस्थिती विचारली जाते; दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांविषयी असतो. घरी येऊन बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणारी परिचारिका, जिला तेथे हेल्थ व्हिजिटर म्हणतात, दुभाषा मागवण्याचा खटाटोप टाळून शेजारी बसलेल्या नवऱ्याला किंवा सासूला तो प्रश्न विचारायला सांगते, तेव्हा 'छे, तसले काही नाही' याखेरीज दुसरे कोणते उत्तर येणार? कागदावर शून्य गुण पडतात आणि आजार घरातच राहतो.

बाळंतिणीला मोकळेपणाने बोलायची जी भीती वाटते, तिची कारणेही संस्कृतीच्या खाती टाकून मोकळे होता येत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या स्त्रीच्या कागदपत्रांवर सरकारी निधीचा आधार मिळणार नाही अशी अट असते. एनएचएसचे उपचार त्या अटीत मोडत नाहीत, पण हे तिला सांगण्याची तसदी क्वचितच घेतली जाते, आणि मनातले बोलले तर समाजकल्याण खात्याची माणसे मूल उचलून नेतील ही धास्ती तिच्या तोंडाला कुलूप घालते.

याहून घातक आहे ती एक सोयीची समजूत: आशियाई कुटुंबे आपल्या माणसांचे आपणच पाहतात. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिन्याची विश्रांती यांचे मोल कोणी नाकारत नाही. परंतु परदेशातल्या मराठी घरात आई किंवा सासू फार तर सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येते आणि ती परतल्यानंतरचे दिवस त्या स्त्रीला एकटीने काढावे लागतात. शिवाय भरले घर असले म्हणजे मन सुखी असते, हेही खरे नाही. गोव्यात म्हापसा येथील जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के मातांना प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांत नैराश्य आढळले, आणि त्यामागे गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी ही कारणे दिसली. परंपरेचा आदर करायचा म्हणून सासूच्या टोमण्यांनाही संस्कृती समजणारी सेवा बाळंतिणीच्या कामाची नाही.

काय केले असता गुण येतो, याचा पुरावा उपलब्ध आहे. मँचेस्टरचे मानसोपचारतज्ज्ञ नुसरत हुसेन यांच्या नेतृत्वाखालील 'रोशनी-२' या चाचणीत दक्षिण आशियाई वंशाच्या ७३२ ब्रिटिश माता सहभागी झाल्या आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये 'द लान्सेट'मध्ये आले. विचार आणि वर्तन यांची सांगड तपासून ती बदलायला शिकवणारी उपचारपद्धती तेथे या मातांच्या जगण्याला जुळवून घेतली गेली आणि गटाने बसून १२ सत्रांत, त्यांच्याच भाषा जाणणाऱ्या स्त्रियांकरवी दिली गेली. ४ महिन्यांनंतर या गटातील ४९ टक्के माता बऱ्या झाल्या होत्या, तर नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांपैकी ३७ टक्के. वर्षअखेरीस दोन्ही गटांतील फरक उरला नाही, आणि काटकसरीचे भक्त नेमके यावरच बोट ठेवतात. वस्तुतः बाळाच्या पहिल्या वर्षात आईला लवकर बरे वाटणे हेच मोलाचे आहे, आणि पुढे फरक मिटतो याचा सरळ अर्थ सत्रे १२ वर थांबवू नयेत इतकाच निघतो.

म्हणून संवेदनशीलतेची कसोटी पैशाच्या आणि वेळेच्या तरतुदीवर लागली पाहिजे: प्रश्नावली विचारताना घरच्या माणसांना बाहेर थांबवून प्रशिक्षित दुभाषी आणणे, सत्र सुरू असताना बाळ सांभाळायला माणूस देणे, ये-जा करण्याचा खर्च उचलणे, आणि गट चालवणाऱ्या द्विभाषिक स्त्रियांना कायम पगारी नोकरी देणे. ब्रिटनमधील मराठी मंडळांनी, मंदिरांनी आणि गुरुद्वारांनी आपापल्या भागातील आरोग्य मंडळाला लेखी विचारावे की दुभाष्याविना किती बाळंतिणींची तपासणी झाली आणि 'रोशनी'सारखा गट कोणत्या तारखेपासून सुरू होणार. उत्तर येईपर्यंत पत्रे पाठवत राहावे, आणि आलेले उत्तर सर्वांसमोर वाचून दाखवावे.