औषध लागू पडेना तेव्हा



खारघरला टाटा मेमोरियलचे ‘ॲक्ट्रेक’ आहे. त्यामुळे इथल्या रस्त्यांवर डोक्याला रुमाल आणि तोंडाला मास्क बांधलेल्या बायका, मुले नेहमी दिसतात. केमोथेरपीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि काही दिवस शरीर राखणदाराविना असते. अशा वेळी ताप आला तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे लागते. ते लागू पडले नाही, तर कर्करोग आटोक्यात येत असतानाही माणूस जातो.

आणि ते लागू न पडणे हे आता देशभरातल्या रुग्णालयांचे दुखणे झाले आहे. औषधाने कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात आणि आपली चिवट जनुके दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात. क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर यांच्यापुढे राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधेही फोल ठरू लागली. ती निकामी करणाऱ्या एका विकराला २००९ मध्ये नवी दिल्लीचे नाव दिले गेले, तेव्हा पुढच्या वर्षी केवढा गहजब झाला! वॉर्डातल्या नळाला पाणी नाही म्हणून तेवढा झालेला मला आठवत नाही. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंनी जगात अंदाजे १२ लाख ७० हजार बळी घेतले.

उपदेश मात्र आपल्यालाच: कोर्स पुरा करा, मनाने गोळ्या घेऊ नका. खरेच आहे ते. पण बाळंतपणाला दाखल झालेल्या बाईला चिवट जंतू वॉर्डातच लागला, तर तिने काय करायचे होते? तो पोचतो हातांवरून, नळ्यांवरून, खाटेच्या कठड्यावरून. १८४७ साली व्हिएन्नात डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येत; सुइणींच्या वॉर्डापेक्षा त्यांच्या वॉर्डात कितीतरी जास्त बायका दगावत. सेमेलवाइसने त्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरी अठरा असलेले मृत्यू जूनमध्ये दोनवर आले. तेव्हा प्रतिजैविके नव्हतीच.

आज हे हात बहुतांशी परिचारिकेचे, आयाचे, कंत्राटी सफाई करणाऱ्या मावशीचे असतात. खाटा दुप्पट झाल्या की पहिल्यांदा हात धुणेच सुटते, आणि ठपका तिच्यावर येतो. संसर्ग रोखण्याच्या बैठकीत मावशींना किती रुग्णालये बोलावतात? हातमोजे मोजून देणारा कंत्राटदार तरी तिथे असतो का?

पुढच्या अंकासाठी रुग्णालयात काम करणाऱ्या मैत्रिणींनी जरूर लिहावे: तुमच्या पाळीत एकीच्या वाट्याला किती खाटा येतात, आणि हात धुवायचे बेसिन किती पावलांवर आहे?