‘नो मॅटर व्हॉट’ आणि दडलेले खाते

वेल्समधील स्वान्सी या बंदराच्या शहरात रेल्वे स्थानकाजवळ ‘आयव्ही प्लेस’ नावाचा एक लहानसा रस्ता आहे. १९६० च्या दशकात तेथील काही तरुणांनी आपल्या वाद्यवृंदाला या रस्त्याचेच नाव दिले : ‘द आयव्हीज’. १९६८ मध्ये बीटल्सच्या ‘ॲपल’ या ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांना करारबद्ध केले आणि १९६९ च्या अखेरीस त्यांचे नाव ‘बॅडफिंगर’ झाले. प्रमुख गायक-गीतकार पीट हॅम आणि ड्रमवादक माइक गिबिन्स हे स्वान्सीचे, तर टॉम एव्हान्स आणि जोई मॉलंड लिव्हरपूलचे.

१९७० साली हॅमने लिहिलेले ‘नो मॅटर व्हॉट’ हे गीत बाहेर आले. जेमतेम तीन मिनिटांचे! गिटारचा स्वर कणखर, किंचित खरखरीत, आणि त्यावर मात्र दोन-तीन कंठांची मधाळ गुंफण. रॉकचा जोर आणि सुगम गीताचा गोडवा एकत्र आणणाऱ्या या शैलीला ‘पॉवर पॉप’ म्हणतात. ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंड यांनी १९६७ मध्ये हा शब्द रूढ केला. पण या शैलीचा नमुना म्हणून जाणकार आजही ‘नो मॅटर व्हॉट’कडेच बोट दाखवतात. अमेरिकेत ते आठव्या आणि ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

त्याच ध्वनिमुद्रिकेत ‘विदाउट यू’ हेही गीत होते. हॅमजवळ एक अर्धवट गीत होते, त्याचे अंतरे चांगले; एव्हान्सजवळ दुसरे, त्याचे ध्रुवपद चांगले. दोघांनी ते जोडले. पुढे हॅरी निल्सन या अमेरिकन गायकाने ते गायले आणि १९७२ मध्ये ते अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर पहिल्या क्रमांकावर गेले. त्याआधी, १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेल्या मैफलीत पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी वाजवले, त्याच रंगमंचावर जॉर्ज हॅरिसनला हॅमने गिटारची साथ केली होती. बाहेरून पाहणाऱ्यास या चौघांना काही कमी असेल असे वाटण्याचे कारण नव्हते.

आता वहीचे दुसरे पान उलटावे लागते. १९७० मध्ये या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कच्या स्टॅन पॉली या व्यवस्थापकाकडे सारा व्यवहार सोपवला. त्याने ‘बॅडफिंगर एंटरप्रायझेस’ ही कंपनी स्थापन केली. मिळकत कंपनीत जमा व्हायची आणि चौघांना दरमहा पगार मिळायचा. म्हणजे ज्यांच्या गाण्यांवर कंपनी चालली, ते तिचे पगारदार नोकर झाले! डिसेंबर १९७० ते ऑक्टोबर १९७१ या काळाचे हिशेबपत्रक पुढे उजेडात आले. त्यात हॅमच्या नावे सहा हजार डॉलरही नाहीत आणि व्यवस्थापकाचे कमिशन पंचाहत्तर हजारांहून अधिक. पत्रक खोटे नव्हते. वाचणारा कोणी नव्हता. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, ही समजूत सभ्य माणसांतच अधिक आढळते. मॉलंडला संशय येत होता, परंतु हॅमचा पॉलीवर पूर्ण विश्वास होता.

१९७२ मध्ये ‘वॉर्नर’ कंपनीशी तीस लाख डॉलरचा करार झाला. त्यात एक अट उत्तम होती. आगाऊ रकमेपैकी अडीच लाख डॉलर ‘एस्क्रो’ पद्धतीच्या खात्यात ठेवायचे, म्हणजे अटी पूर्ण होईपर्यंत ही रक्कम सुरक्षित राहावी आणि दोन्ही पक्षांना तिची माहिती असावी. अशा खात्याचा सारा अर्थच मुळी पारदर्शकतेत असतो. पॉलीने मात्र ते खाते कोठे आहे हे सांगितलेच नाही. वारंवार विचारणा करूनही उत्तर न आल्याने वॉर्नरच्या प्रकाशन विभागाने डिसेंबर १९७४ मध्ये दावा लावला. ‘विश यू वेअर हिअर’ ही नवी, समीक्षकांनी वाखाणलेली ध्वनिमुद्रिका दुकानांतून परत मागवण्यात आली.

१९७५ च्या वसंतात पगार थांबले. हॅमवर घराच्या कर्जाचा बोजा होता आणि महिन्याभरात घरात मूल जन्माला येणार होते. २४ एप्रिल रोजी, अठ्ठाविसावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, त्याने आपले जीवन संपवले. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने पॉलीला दोष दिला होता. ‘विदाउट यू’च्या मानधनावरून पुढे वाद वाढले आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये एव्हान्सनेही तोच मार्ग धरला. ॲपलकडे अडकलेल्या मानधनाचा प्रश्न १९८५ मध्ये न्यायालयीन तडजोडीने सुटला. पॉलीवर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात, एका वेगळ्याच प्रकरणात, निधीच्या अपहाराचा खटला चालला. त्याने आरोपांना आव्हान दिले नाही.

डिसेंबर १९७४ मध्ये, दावा चालू असतानाच, या मंडळींनी घाईघाईने आणखी एक ध्वनिमुद्रिका पूर्ण केली होती. कज्ज्यामुळे वॉर्नरने ती स्वीकारली नाही. ‘हेड फर्स्ट’ या नावाने ती बाजारात आली ती थेट २००० साली. तिच्यात एव्हान्सची दोन गीते आहेत : एकाचे शीर्षक ‘हे, मिस्टर मॅनेजर’ आणि दुसऱ्याचे ‘रॉक अँड रोल काँट्रॅक्ट’.