नुसत्या पाऱ्यावरून गारपीट कळत नाही



फेब्रुवारी-मार्च आला की ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, "पारा चढलाय, दोन दिवसांत गारा." तो वाचून कुणी कच्चा कांदा उपटतो, कुणी गोडी भरायच्या आधीच द्राक्षबाग पडेल त्या दरात देऊन टाकतो. माझं म्हणणं सरळ आहे. गारपीट एकट्या जमिनीवरच्या उन्हानं ठरत नाही, ती वरच्या हवेत ठरते.

आता हेच बघा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तरी बहुतेक दिवस आभाळ कोरडं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एवढं ऊन नव्हतं, तरी मराठवाडा-विदर्भ गारांनी झोडपून निघाला. आणि जुलैत आभाळ भरलेलं असतं, पण गार दिसत नाही. असं का?

तापलेली कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला साधारण १० अंश थंड होते आणि वाटेतच थांबते. हवेत बाष्प असेल तर गोष्ट बदलते. बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते. एक किलो बाष्पातून सुटणारी उष्णता सुमारे ६ लिटर बर्फगार पाणी उकळीला आणेल, एवढी! म्हणून ढगातली ओली हवा खालच्या थरात जवळजवळ निम्म्याच वेगानं थंड होते, भोवतालपेक्षा गरम राहते आणि चढत जाते.

पण कुठवर? वर जाईल तसं बाष्प संपत जातं, चुलीतलं सरपण संपावं तसं. आपल्याकडे साधारण १६-१७ किलोमीटरवर तपस्तब्धी लागते. तिथं हवा उणे ७५-८० अंशांच्या आसपास असते. त्याच्या वर ओझोन सूर्याची अतिनील किरणं शोषतो, त्यामुळे हवा उलट तापत जाते. वर आलेला ढग तिथं भोवतालपेक्षा गार आणि जड ठरतो आणि आडवा पसरतो. लोहाराच्या ऐरणीसारखा दिसतो तो हाच. त्या सपाट माथ्यातूनही ढगानं डोकं वर काढलं असेल तर आतला झोत जबर आहे असं समजा.

गार मोठी व्हायला असाच झोत लागतो, तिला वरच्या वर तोलून धरणारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये खाली समुद्राकडून बाष्प येतं आणि वर उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाची थंड हवा शिरते. खाली-वर फरक मोठा, म्हणून झोत मोठा. पावसाळ्यात उलटं होतं. ढग रोज बरसून वर उष्णता सोडत राहतात, वरची हवाच उबदार होते, फरक कमी होतो आणि झोत मवाळ पडतो. शिवाय गोठणपातळी उंच असल्यानं बारीक गार खाली येईपर्यंत विरघळते. म्हणजे बाष्पच ढगाला उचलतं आणि बाष्पच वरचा थर शांत करतं.

म्हणून "तापमान वाढतंय, आता गारा वाढणारच" हेही एवढं सोपं नाही. एका अंशाला हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे इंधन वाढलं. पण आपल्या उष्ण पट्ट्यात वरची हवा खालच्यापेक्षा जास्त तापते, ती ढगाला वेसण घालते. दोन्ही बाजू बघाव्या लागतात.

वरची हवा मोजायची सोय आहे. मुंबई, नागपूरसारख्या ठिकाणांहून हवामान खात्याचे फुगे उपकरण घेऊन वर जातात. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच ही जगभरातल्या नोंदींची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे. ही माहिती नेटवर मिळते, पण आलेखात. तो वाचायला शिकलेला माणूस लागतो.

काही जण म्हणतील, एक फुगा माझ्या गावाचं काय सांगणार? खरं आहे, गारांचा पट्टा अरुंद असतो, गाव फुग्यावरून कळणार नाही. पण आजचा दिवस धोक्याचा आहे की नाही, एवढं तरी कळतं. आणि माल काढायचा की थांबायचं, हे ठरवायला तेच लागतं.

म्हणून माझी मागणी एवढीच. कृषी सल्ल्यात कमाल-किमान तापमानाखाली मराठीत तीन ओळी द्या: हवेत बाष्प किती, गोठणपातळी किती उंचीवर, वरची हवा नेहमीपेक्षा थंड की उबदार. मेसेज फिरवणाऱ्यांनाही आपण हेच तीन प्रश्न विचारायचे. उत्तर नसेल तर त्या मेसेजवर कांदा उपटू नका.

तुमच्या भागातला सल्ला कसा येतो, खाली लिहा.